आभार मानले, आता पायऱ्यांचं बोलू

१८ टक्के आणि ९२ टक्के. पॅराप्लेजियाविषयी काही समजून घ्यायचं असेल, तर आधी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

अमेरिकेत १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या उपचार विभागांत काम करणाऱ्या २३३ जणांना त्यात विचारलं होतं की, मज्जारज्जूला गंभीर इजा होऊन तुमचे हातपाय लुळे पडले, तर जिवंत राहिल्याचं तुम्हाला समाधान वाटेल का? ‘हो’ म्हणणारे निघाले १८ टक्के. मग अशी इजा होऊन प्रत्यक्ष जगत असलेल्या १२८ माणसांची उत्तरं पाहिली, तर तिथे ‘हो’ म्हणणारे ९२ टक्के होते. अशा अवस्थेत जगण्याचा दर्जा सरासरी किंवा त्याहून बरा राहील, असं उपचार करणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनाच वाटत होतं. ज्यांच्यावर ती वेळ आली होती, त्यांच्यापैकी ८६ टक्के जण मात्र आपलं आयुष्य तसं असल्याचं सांगत होते. आणि ही माणसं मानेच्या पातळीवर इजा झालेली, हात आणि पाय दोन्हींतली ताकद गेलेली होती. पॅराप्लेजियात इजा त्याच्या खाली, छातीच्या किंवा कमरेच्या मणक्यांपाशी होते. हात शाबूत राहतात, पण धडाचा खालचा भाग आणि पाय यांची हालचाल जाते, स्पर्श कळेनासा होतो, लघवी-शौचावरचा ताबाही जातो.

रोज अपघातग्रस्त बघणाऱ्यांचा अंदाज इतका चुकत असेल, तर भेटायला येणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांचा किती चुकत असेल! ‘यापेक्षा सुटला असता तर बरं’ हे वाक्य आपल्याकडे रुग्णाच्या उशापाशी, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण तो १८ टक्क्यांच्या बाजूनं बोलत असतो आणि ऐकणारा ९२ टक्क्यांतला असतो.

दुसरा अभ्यास त्याहून जुना आणि जास्त गाजलेला, पण बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जाणारा. १९७८ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी लॉटरी लागलेले २२ जण, साधे २२ जण आणि अपघातात लुळे पडलेले २९ जण यांना सुखाचे गुण द्यायला सांगितलं, शून्य ते पाच या मापावर. ‘लॉटरीवाले आणि लुळे पडलेले शेवटी सारखेच सुखी’ असा त्याचा सारांश भाषणांतून फिरत असतो. आकडे तसं म्हणत नाहीत. आजच्या सुखाला लॉटरीवाल्यांनी ४.०० गुण दिले, साध्या माणसांनी ३.८२ आणि अपघातग्रस्तांनी २.९६. हा फरक लहान नाही. मात्र २.९६ हा आकडा मापाच्या मध्याच्या वरचा आहे, आणि लोकांच्या कल्पनेपेक्षा तर कितीतरी वरचा. रोजच्या लहानसहान गोष्टींत, म्हणजे गप्पा, न्याहारी, एखादा विनोद यांत, मिळणाऱ्या आनंदाला अपघातग्रस्तांनी ३.४८ गुण दिले, लॉटरीवाल्यांनी ३.३३. पुढे आपण किती सुखी असू, या प्रश्नाला तर अपघातग्रस्तांचे गुण तिन्ही गटांत सर्वांत जास्त होते, ४.३२.

या आकड्यांतून मला दोन गोष्टी दिसतात आणि त्या दोन्ही एकदमच खऱ्या मानल्या पाहिजेत. कमरेखाली अधू झालेल्या माणसाला जगण्याबद्दल वाटणारी कृतज्ञता खरी असते. ती समजूत घालायला म्हणून केलेली बतावणी नसते. आणि त्याच माणसाला आज जे कमी पडतं आहे, तेही खरं असतं. २.९६ आणि ३.८२ यांच्यामधलं अंतर कशाचं आहे, हे त्यालाच विचारायला हवं.

नेमकं तेच विचारलं जात नाही. कारण आपल्याकडे कृतज्ञ माणसाकडून एक अलिखित अट पाळली जावी अशी अपेक्षा असते: ज्यानं आभार मानले, त्यानं पुन्हा काही मागू नये. ‘सगळे एवढं करतात तुझं, अजून काय पाहिजे?’ हा प्रश्न घरात, गावात, कचेरीत सगळीकडे तयार असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, ही अट अन्यायाची आहे आणि ती जिवावर बेतते. जिवावर बेतते हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही, त्यालाही आकडे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात मज्जारज्जूला इजा झालेले दीड कोटीहून अधिक लोक आहेत. इतरांच्या तुलनेत त्यांना अकाली मृत्यू येण्याची शक्यता दोन ते पाच पट जास्त आहे, आणि गरीब देशांत परिस्थिती अधिक वाईट. त्यांच्यातलं बेरोजगारीचं प्रमाण जगभरात ६० टक्क्यांच्या वर आहे. २० ते ३० टक्के लोकांमध्ये उपचार करावेत अशा पातळीच्या नैराश्याची लक्षणं दिसतात. आणि यातले बरेच मृत्यू मणक्याच्या मूळ इजेनं होत नाहीत. ते होतात अंथरुणाला टेकून झालेल्या जखमांतून, लघवीच्या मार्गातल्या संसर्गातून आणि त्यापायी निकामी झालेल्या मूत्रपिंडांतून. म्हणजे टाळता येण्यासारख्या कारणांनी.

एका दिवसाचा हिशेब

या जखमा टाळायच्या कशा, हे शिकवलं जातं. खुर्चीत बसलेल्या माणसानं दर १५ ते ३० मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन ढुंगण उचलायचं किंवा पुढे-बाजूला झुकून दाब मोकळा करायचा. दिवसाचे १२ तास खुर्चीत काढले, तर हे २४ ते ४८ वेळा होतं. दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर घालून लघवी काढायची, कारण मूत्राशय भरल्याचं कळत नाही. शौचाला ठरलेल्या वेळी पाऊण तास ते तास. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे झोपेच्या आठ तासांत तीन-चार वेळा.

हात शाबूत असले तरी सुरुवातीच्या महिन्यांत ही कूस स्वतःची स्वतः बदलता येत नाही. ती बदलते आई, बायको, बहीण. रात्री दोनला मोबाइलचा गजर होतो. ती उठते, एक हात खांद्याखाली, एक हात कमरेखाली घालून त्याला कुशीवर वळवते, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवते, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून घोट्याखाली घडी केलेली चादर सरकवते. मग दिवा लावून माकडहाडाजवळची कातडी बघते. लालसर दिसली तर बोटानं दाबते. बोट काढल्यावर लाली पांढरी होऊन परत आली तर ठीक. लाली तशीच राहिली, तर जखमेची सुरुवात झाली असं समजायचं. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा कडकपणा बघावा लागतो. हे सगळं करून ती पुन्हा आडवी होते, चारच्या गजरापर्यंत.

आता यात कृतज्ञता कुठे आड येते ते बघा. ती दिवसभर शेतात किंवा धुण्याभांड्याच्या कामावर राबलेली असते. गजर वाजून बंद होतो, तिला जाग येत नाही. तो जागा असतो. हाक मारायला तोंड उघडतो आणि मिटतो. राहू दे, दमली आहे, सकाळी बघू. यात प्रेम आहे, उपकाराची जाणीव आहे, मिंधेपणही आहे. पण एका जागी सलग दाब पडला तर जखम सुरू व्हायला काही तास पुरतात, आणि खोल गेलेली जखम भरायला महिनोन्महिने लागतात. ते महिने पुन्हा तीच बाई ड्रेसिंग करण्यात घालवते. त्यानं त्या रात्री हाक मारली असती, तर तिचेच कष्ट वाचले असते.

घरात न बोलणं असं महागात पडतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) देशातल्या अपंग व्यक्तींपैकी ६२.१ टक्क्यांना सांभाळणारं कुणीतरी होतं आणि जवळपास सगळ्या उरलेल्यांनी ‘गरज नाही’ असं सांगितलं. गरज असून कुणीच नाही, असे फक्त ०.३ टक्के. या आकड्याचा मला आदर वाटतो. सरकार, दवाखाने, विमा यांतलं काहीही पोचलं नाही तिथे भारतीय कुटुंब पोचलेलं आहे. पण सांभाळणाऱ्या माणसाला रात्रीची झोप, महिन्यातून दोन दिवस सुटी आणि पाठ न दुखवता उचलण्याचं प्रशिक्षण लागतं. हे मागणारा आवाज घरातूनच यायला हवा, आणि तो आधी रुग्णाचा असायला हवा. ‘माझं करताना हिची कंबर गेली, हिला दोन दिवस कुणीतरी मोकळं करा’ हे वाक्य आभाराचंच आहे आणि मागणीचंही.

पैशाचं थोडक्यात. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्के अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला केंद्राकडून दरमहा ३०० रुपये मिळतात. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतली रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे, आणि ती लोकांनी सतत बोलत राहिल्यामुळे झालेली आहे. आता हिशेब करा. दिवसाला पाच कॅथेटर धरले तर महिन्याला १५०. सगळेच्या सगळे २,५०० रुपये त्यावरच घातले, तरी एका कॅथेटरला १६ रुपये ६७ पैसे येतात. म्हणून बहुतेक घरांत तेच कॅथेटर धुऊन पुन्हा वापरलं जातं. दहीहंडीच्या थरावरून पडून गंभीर इजा झालेल्या गोविंदासाठी शासनानं २०२२ मध्ये साडेसात लाखांची मदत जाहीर केली होती. विशी-पंचविशीतल्या मुलाच्या पुढच्या ४० वर्षांवर ती रक्कम पसरली, तर महिन्याला १,५६२ रुपये होतात.

तीन पायऱ्या

घराच्या बाहेर पडलं की प्रश्न पायरीचा. साधारण पायरी १५ सेंटीमीटर उंच असते. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, सोसायटी, बँक, रेशनचं दुकान यांच्यापुढे तीन पायऱ्या असणं अगदी नेहमीचं. म्हणजे ४५ सेंटीमीटर. रॅम्पचा प्रमाणित चढ १ ला १२ असावा लागतो. एक सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी. तीन पायऱ्यांना ५.४ मीटर, जवळजवळ १८ फूट. दरवाजा ९० सेंटीमीटर रुंद हवा आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा.

प्रत्यक्षात काय असतं? पायऱ्यांच्याच एका कडेला सिमेंट ओतून केलेली दीड मीटरची घसरगुंडी. म्हणजे १ ला ३.३ चा चढ. या चढावर स्वतः चाकं ढकलत जाणारा माणूस मागच्या मागे उलटा पडतो. मागून कुणी धरलं तरी धरणाऱ्याचे पाय घसरतात. पण कागदावर ‘रॅम्प उपलब्ध’ असा शेरा पडतो, फोटो लागतो, निधी खर्ची पडतो. काही ठिकाणी रॅम्प बरोबर बांधलेला असतो आणि त्याच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या असतात. चढ किती असावा हे बांधणाऱ्या गवंड्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि ज्याला ठाऊक असतं त्याला विचारलेलं नसतं.

अशा वेळी आपल्या गावातली चांगुलपणाची रीत पुढे येते. ‘काळजी कशाला करता, उचलून नेऊ की!’ चार पोरं धावून येतात, खुर्ची चारही बाजूंनी धरतात आणि माणसाला मंगल कार्यालयात, देवळात, मतदान केंद्रात पोचवतात. ही पोरं आपल्या समाजाची खरी श्रीमंती आहे, यात मला शंका नाही. पण खुर्चीतल्या माणसाला विचारा. उचलताना लघवीची पिशवी ओढली जाते. एकाचा हात सुटला तर खुर्ची कलंडते. पाय आपटला तर दुखत नाही, म्हणून हाड मोडल्याचं संध्याकाळी सूज आल्यावर कळतं. आणि लग्नात दोन तास बसल्यावर निघावंसं वाटलं, तर पुन्हा चार माणसं गोळा करावी लागतात. म्हणून मग तो जाणंच कमी करतो. स्त्रिया तर परपुरुषांनी उचलायला नको म्हणून मुळातच निघत नाहीत. बाहेर शौचालय वापरता येणार नाही म्हणून पाणी कमी पितात. त्यातून संसर्ग होतो आणि गोष्ट पुन्हा मूत्रपिंडांशी येऊन ठेपते.

त्या चार पोरांना काय म्हणावं? मला वाटतं, असं म्हणावं: ‘पोरांनो, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण पुढच्या वर्षी ही पाळी तुमच्यावर येऊ देऊ नका. मंडळाच्या वर्गणीतून फळ्यांचा एक लांब रॅम्प करून घ्या, मी माप सांगतो.’ ज्यांनी चार वेळा ते वजन उचललं आहे, त्यांना पायरीचा अर्थ सगळ्यांत आधी कळतो. तक्रारीची सुरुवात करायला त्यांच्याइतके जवळचे श्रोते दुसरे नाहीत.

बसचंही तसंच. एसटीच्या तिकिटात अपंग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे आणि ती अनेकांना उपयोगी पडते. पण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला बसच्या उंच, अरुंद पायऱ्या चढताच येत नसतील, तर सवलत त्याच्यापर्यंत पोचत नाही. सुगम्य भारत अभियानात देशातल्या सुमारे १ लाख ४६ हजार सरकारी बस मोजल्या गेल्या. त्यांतल्या पूर्ण सुगम्य होत्या सुमारे ६ टक्के आणि अंशतः सुगम्य २९ टक्के.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला दंड आहे १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्याला ५०,००० ते ५ लाख. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवणं कायद्याला धरून नाही. केंद्रानं तीन महिन्यांत बंधनकारक निकष करावेत. ही याचिका दाखल झाली होती २००५ साली. एका माणसानं प्रश्न विचारला आणि १९ वर्षं तो सोडला नाही, त्याचं हे फळ आहे.

मोजले गेलेले

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात २९,६३,३९२. राज्यातल्या त्या संख्येत चलनवलनाचं अपंगत्व असलेले ५,४८,४१८, म्हणजे साडेअठरा टक्के. यात पोलिओ झालेले आहेत, पाय कापावा लागलेले आहेत आणि मणक्याची इजा झालेलेही आहेत. पॅराप्लेजियाचा वेगळा रकाना नाही. कोकणात झाडावरून पडलेला, विदर्भात विहिरीच्या कामावर कोसळलेला, पुण्या-मुंबईत परांचीवरून खाली आलेला आणि महामार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला, सगळे एकाच रकान्यात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींच्या या आकड्यात किती जणांचा मणका मोडला, हे त्यावरून कळत नाही.

नमुना सर्वेक्षणाच्या त्याच ७६ व्या फेरीत अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेले होते २८.८ टक्के. सरकारकडून काही ना काही मदत मिळालेले २१.८ टक्के. १५ वर्षांवरच्यांपैकी काम करणारे २२.८ टक्के. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की दिसतं, न बोलणारा माणूस कुठे हरवतो. प्रमाणपत्र नाही म्हणून योजना नाही, योजना नाही म्हणून खुर्ची नाही, खुर्ची नाही म्हणून काम नाही.

बोललेल्या माणसांनी काय घडवलं, याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, सगळ्यांच्या नसीमादीदी, किशोरवयात कमरेखाली अधू झाल्या. त्यांना धीर दिला बाबूकाका दिवाण या स्वतः पॅराप्लेजिक असलेल्या गृहस्थांनी. ते ऋण नसीमादीदींनी मनातच ठेवलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. कोल्हापुरात वसतिगृह, शाळा आणि सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं केंद्र अशी कामं तिच्यातून झाली. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात त्यांनी मदत करणाऱ्यांची नावं आदरानं घेतली आहेत आणि वाटेतले अडथळेही लपवलेले नाहीत. कृतज्ञता आणि गाऱ्हाणं एकाच पुस्तकात शेजारी नांदू शकतात.

मुरलीकांत पेटकर यांची तऱ्हा वेगळी. सांगली जिल्ह्यातले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्याचं अंतर ३७.३३ सेकंदांत कापून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, ५२ वर्षं उलटल्यावर. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी पूर्वी स्वतः मागणी केली होती, ती नाकारली गेली होती. देशासाठी गोळ्या खाल्लेल्या, देशाला पहिलं सुवर्ण दिलेल्या माणसालाही आपलं म्हणणं मांडत राहावं लागलं. मग खेड्यातल्या सालगड्याच्या न मागण्यावर कुणी का विसंबावं?

खडकीला १९७४ पासून सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे खुर्चीवरचा बास्केटबॉल खेळला जातो, तोंडात ब्रश धरून चित्रं काढली जातात. अशा जागी माणूस उभारी धरतो, कारण त्याच्यासारखे दहाजण आजूबाजूला असतात आणि प्रश्न विचारण्यात कुणाला संकोच वाटत नाही. खेड्यात तो एकटा असतो. त्याला वाटतं, आपल्या एकट्यासाठी गावानं खर्च का करावा?

पण तो एकटा नसतो. राज्याच्या सरासरीनं, म्हणजे २.६४ टक्क्यांनी, तीन हजार वस्तीच्या गावात ७९ अपंग व्यक्ती असायला हव्यात. म्हातारे, बाळंतिणी, गुडघे गेलेल्या आज्या वेगळ्याच. आणि पैसाही असतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. समजा, ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न १० लाख आहे, तर हे ५०,००० रुपये झाले. ते ७९ जणांत वाटले तर दरडोई वर्षाला ६३३ रुपये येतात. भांडी, ब्लँकेट, घड्याळ असं काहीतरी हातात पडतं, फोटो निघतो, आभार मानून घेतले जातात. तेच पैसे एका वर्षी ग्रामपंचायतीच्या दारातल्या नीट मापाच्या रॅम्पवर, दुसऱ्या वर्षी कठडे लावलेल्या, रुंद दाराच्या एका शौचालयावर घातले, तर पुढची वीस वर्षं ते सगळ्यांना पुरतं. मी वाटपाच्या विरोधात आहे असं नाही, ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला रोख हवीच. पण हा निर्णय त्या ७९ जणांना विचारून व्हायला हवा, आणि विचारायचं तर त्यांना सभेला येता आलं पाहिजे.

स्वतः हजर राहता येण्याचा हाच प्रश्न मतदानातही येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात ८८.४ लाख अपंग मतदार नोंदलेले होते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय त्या वर्षी प्रथमच लोकसभेला देशभर मिळाली. अंथरुणावरच्या माणसासाठी ही मोठीच गोष्ट आहे, त्याबद्दल निवडणूक यंत्रणेचे मनापासून आभार मानायला हवेत. मात्र ज्याला खुर्चीतून शाळेपर्यंत येता येतं, त्यालाही ‘तुम्ही घरूनच द्या’ असं सुचवलं जाऊ नये. गावाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी त्याला रांगेत बघणं ही त्याची गरज आहे आणि गावाचीही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या अपंग माणसाची नोंद संकोच न करता करून घ्या. आतल्या खोलीत असलेल्या माणसाला बाहेर आणून त्यालाच बोलू द्या. प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणीचा वार कोणता, ते आजच विचारून ठेवा. आणि तुम्ही गावात राहत असाल, तर ग्रामसभेच्या आठवडाभर आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना एक साधा अर्ज द्या. गेल्या वर्षीचा ५ टक्के निधी कशावर खर्च झाला त्याचा हिशेब सभेत वाचून दाखवावा, आणि सभा पायऱ्या नसलेल्या जागी घ्यावी, या दोनच मागण्या त्यात लिहा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.